आईला हात लावू न देणारा फौजी

सुनेनं आज स्ट्रॉबेरीचा खोका उघडला आणि त्या आंबटगोड वासानं मी चाळीस वर्षं मागे गेले. पाचगणी बघून आम्ही गावकरी खाजगी बसनं इस्लामपूरकडे परतत होतो. वाटेत एका बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर मालगाडीची बसच्या मागच्या बाजूला धडक बसली आणि बस आडवी झाली. सगळ्यांनी घेतलेल्या स्ट्रॉबेऱ्या चिरडल्या होत्या. अंगावरचं लाल म्हणजे रक्त की रस, हे कळत नव्हतं.

माझं मनगट मोडलं होतं. आई दोन बाकांमध्ये पडून पाणी मागत होती. मी तिला एका हातानं ओढायला लागले, तेव्हा वाटेत बसमध्ये चढलेला, सुट्टीवर आलेला एक फौजी आडवा आला.

"तायडे, हात लावू नगंस. मान दुखावली आसंल."

"आवं, ती तडफडतीया. सोडा मला."

"तडफडू दे. हलवलीस तर कायमची आडवी व्हईल."

त्याचं स्वतःचं कपाळ फुटलं होतं. तरी गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी आईचं डोकं धरून तो तासभर तसाच राहिला. मग लोकांनी तिला फळीवर बांधून नेलं. मी त्याला निर्दयी म्हणाले, आणखीही बरंच बोलले.

आईच्या मानेचा मणका मोडला होता. ओढलं असतं तर हातपाय गेले असते, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर आई वीस वर्षं शेतात भांगलत होती. माफी मागायला मी त्या फौजीला शोधायचं ठरवलं, तेव्हा लक्षात आलं, मी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.