टेलेर्वोचा चेहरा आणि माझं शहाणपण

टेलेर्वो आमच्या चर्चची झाडलोट करायची, घंटा वाजवायची, रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी वेदीपाशी मदतीला उभी राहायची, आणि प्रभुभोजनाच्या वाइनच्या कपाटाची किल्लीही तिच्याकडेच असायची. एकोणीस वर्षं. मी चर्च-मंडळाची अध्यक्ष, आणि त्याआधीपासूनची तिची मैत्रीण.

त्या वसंतात तिचा चेहरा सुजायला लागला. सकाळी पापण्या फुगलेल्या, गाल लालबुंद, हातातून कप निसटायचे. फिनलंडच्या आमच्या या कोपऱ्यात असा चेहरा दिसला की लोक एकच अर्थ काढतात. आणि विचारत नाहीत. दुसऱ्याच्या पिण्याबद्दल तोंडावर बोलणं आमच्याकडे असभ्य, पाठीमागे चालतं.

रविवारच्या कॉफीला ऑर्गनवाला आर्वो वेलदोड्याचा पाव चावत पुटपुटला, "हिल्का, वाइनला राखणदार बरा नेमलायस."

मी हसले. त्याच संध्याकाळपासून दर रविवारी प्रभुभोजनानंतर उरलेल्या वाइनच्या पातळीला बाटलीच्या लेबलवर पेन्सिलीनं खूण करायला लागले. महिनाभर एका रविवारपासून दुसऱ्यापर्यंत वाइन खुणेखाली तसूभर गेली नाही. मग मीच ठरवलं, बाई हुशार आहे, घरची पीत असेल. एवढी मी शहाणी.

"अगं, हल्ली दमतेस तू," मी तिला म्हणाले. "कपाटाचं मी बघते. रविवारी वेदीपाशीही दुसरं कुणी उभं राहील."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली हातावर ठेवली. का, हे विचारलं नाही. तीही आमच्यातलीच.

सप्टेंबरात ती घंटेच्या दोराशी कोसळली. शहरातल्या इस्पितळात निदान झालं, ल्युपस. अंगाची राखण करणारी शक्ती अंगावरच उलटते, तो आजार. मूत्रपिंडं बिघडली होती, म्हणून चेहऱ्यावर सूज. वसंतातच तपासण्या केल्या असत्या तर एवढं झालं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी माफी मागायला गेले. बसमध्ये वाक्यं घोकली होती. औषधांनी तिचा चेहरा आणखी गोल झाला होता. मला तिकडे बघवेना.

तिनंच माझा हात धरला. "हिल्का, सांगायचं राहून गेलं. हे तोंड घेऊन लोकांसमोर उभं राहायची मला फार लाज वाटायची. ते फक्त तुला कळलं. एक शब्द न विचारता मला बाजूला घेतलंस. बाकीचे मला दारुडी समजत असतील."

घोकलेलं सगळं माझ्या घशाशी आलं होतं.

"असू दे गं," मी म्हणाले. "त्यात काय एवढं."