गिट्टीच्या थैल्या

दर रविवारी सकाळी सुलोचनामावशी वस्तीतली मुलं सरपण तोलण्याच्या काट्यात बसवत. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात त्याची स्वतःची गिट्टीची, म्हणजे बारीक खडीची, थैली. मावशींना आकडे वाचता येत नव्हते. मूल पहिल्यांदा जेवायला आलं की त्याच्या भाराइतकी गिट्टी गोणपाटाच्या थैलीत भरायची आणि ओळखीला त्याच्याच जुन्या कपड्याची चिंधी बांधायची. पुढे मूल थैलीपेक्षा भारी भरलं की थैलीत गिट्टीची मूठ पडे आणि रांगेतली मुलं ओरडत, "जड झाला! जड झाला!"

नागपुरात लकडगंजच्या मागे लाकडाचा एक टाल, म्हणजे वखार होती, तिथला तो काटा. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मावशी शेजारच्या आरा मशीनवर भुसा भरायच्या. घरोघरी मूठभर धान्य मागून वस्तीतल्या बायका भुशाच्या शेगडीवर कण्या आणि वरण शिजवायच्या. रोज दुपारी मुलांची पंगत बसे.

मी एका दैनिकात वार्ताहर होतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मावशींनी "जय भीम" केला आणि माझ्या हातात ताटच दिलं. "आधी जेव गा. उपाशी माणूस काय लिहीन?"

मी बत्तीस ताटं मोजली. आमच्या छायाचित्रकारानं पहिल्या ओळीतल्या चार वर्षांच्या कुसुमचा फोटो घेतला. ती ताट चाटत होती. बातमीला मथळा मिळाला: 'वस्तीत आता एकही मूल उपाशी नाही.'

रविवारी अंक दाखवायला गेलो. मी घडी उघडत होतो, तेवढ्यात कुसुम पारड्यात बसली. तिचं पारडं वर गेलं. कुणी ओरडलं नाही. मावशींनी तिच्या थैलीतून गिट्टीची एक मूठ काढली, मग दुसरी, मग तिसरी. तेव्हा कुठे काटा आडवा झाला.

"हा तिसरा रविवार हाये," त्या म्हणाल्या. "पोरगी रोज जेवून राहिली अन् वाळून राहिली. काहून?"

त्या तशाच कुसुमच्या घरी निघाल्या. मीही मागे गेलो. तिची आई दारात धाकट्या दोघांना भाकर कुस्करून भरवत होती.

"कुसुमले सांजच्याले काय देतं वं?"

आईला प्रश्नच कळला नाही. "तिले काहून देऊ, मावशी? थे तं तुमच्या इथं जेवते ना. तिच्या वाटची भाकर या दोघायले देतो. तुमचे लय उपकार हायेत, हे दोघं तरी तगून राहिले."

"अन् सकाळी?"

"तुमच्या इथंच तं जेवते."

मावशी तिला शिव्या देतील, असं मला वाटलं होतं. त्या उंबऱ्यावर खाली बसल्या. म्हणाल्या, "मंजे तिच्या तोंडचा घास म्याच काढला."

त्या संध्याकाळपासून कुसुम मावशींच्या घरी जेवू लागली. गुरुवारी तिला गोवर निघाला. पुढच्या आठवड्यात ती गेली. डॉक्टर म्हणाले, आजार सोसण्याइतकं बळच अंगात नव्हतं.

पंगत बंद पडेल असं वस्तीला वाटलं. मावशींनी ती संध्याकाळवर नेली आणि मुलांबरोबर आयांनाही बसवलं. सकाळी कामावर जाण्याआधी त्या एकेका घरी जाऊन चुलीपाशी बसत, कोणाच्या ताटात काय पडतं ते पाहत. कुणी काही म्हणालं तर उत्तर ठरलेलं, "चहा पाज वं, काय पाहून राहिली?"

समाजकार्य शिकणाऱ्या मुली पुढे तिथे वह्या घेऊन यायच्या. मावशी त्यांना ताटं मोजू देत नसत. "आधी लेकराचं घर पाहून या, पोरीहो. चुलीवर काय हाये, अन् कोणाच्या वाटचं कोण खाते, थे पाहा. मंग माह्या पंगतीत या."

कुसुमची थैली त्यांनी रिकामी केली नाही. भिंतीशी ओळीनं ठेवलेल्या थैल्यांमध्ये ती लाल चिंधीची थैली तशीच होती. तिच्यावर भिंतीला माझ्या बातमीचं कात्रण चिकटवलं होतं. फोटोत कुसुम ताट चाटते आहे, वर मथळा. बातमीतला एकही तपशील चुकीचा नव्हता. तरी एकदा मी म्हणालो, "मावशी, ते काढून टाका."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तू खोटं कुठं लिहिलं गा? तू दुपारी आलता."