त्या सोमवारी देवापुढे काय विचारलं

आमच्या गावात अजूनही कुणीतरी म्हणतं, "तिच्या वेळी देवानंच कौल दिला होता." कौल मिळाला होता हे खरं आहे. तो कशाचा मिळाला, हे मात्र कुणी सांगत नाही. मी सांगू शकलो असतो, कारण देवापुढे काय विचारायचं ते मीच ठरवलं होतं.

पेडण्याकडच्या गावांत कौल म्हणजे काय, हे बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. देवाच्या पाषाणाला गुरव ओल्या पाकळ्या लावतो. घाडी गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर देवाची संमती, डावी पडली तर नकार. बांधाचे वाद, विहिरीच्या पाण्याचे, भावाभावांचे, असे कितीतरी वाद मी देवळाच्या चौकात मिटताना पाहिले आहेत. सख्ख्या भावांनी तिथे एकमेकांच्या हातात नारळ दिला आहे. म्हणून मला वाटायचं की तिथे सगळंच मिटतं.

डिचोलीजवळच्या एका काजूच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. आमच्या गावच्या आणि आसपासच्या बायका कारखान्याच्या बसने कामाला यायच्या, मीही त्याच बसने जायचो. गर सोलण्याचं काम बायकांचं. फोडलेल्या बीतल्या गरावरची तांबूस साल सुरीने अलगद काढायची, गर मोडू द्यायचा नाही. संध्याकाळी प्रत्येकीचा डबा काट्यावर जायचा आणि वजनाप्रमाणे मजुरी ठरायची. काट्याचा आकडा काट्यावर बसलेल्या माणसालाच दिसे, समोरच्या बाईला दिसत नसे.

तो माणूस आमच्याच गावचा, देवळातल्या मानकऱ्यांच्या घरातला. बोलायला गोड. "वैनी, आज गर हलको आणि तूच जड," असं काहीतरी बोलायचा आणि रांगेतल्या बायका हसायच्या. मीही हसायचो. जी हसत नसे तिचा डबा तो बाजूला सरकवायचा. "मागीर बघूया." बस ठरल्या वेळी सुटायची. मागं राहिली तर बाई घरी कशी पोचणार? बायका का हसत होत्या हे समजायला मला फार उशीर लागला.

आमच्या वाड्यावरची एक सून मात्र हसत नसे. पार्शाहून लग्न होऊन आलेली, कामाला नेटकी, बोलायला कमी. नवरा वास्कोला बंदरात कामाला, आठवड्याने घरी यायचा. एका संध्याकाळी तिचा डबा असाच शेवटी राहिला. काटेवाल्याने तिला गोदामातून रिकामा ट्रे आणायला पाठवलं आणि मागोमाग गेला. दार लोटून त्यानं तिला धरलं. वजन झालं नव्हतं म्हणून बरोबर नेलेला भरलेला डबा तिच्या हातातून पडला. ती कशीबशी सुटून बाहेर आली, तोवर बस गेली होती. रस्त्यात थांबवलेल्या एका टेंपोतून ती घरी पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाम मी उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला सोललेला गर पसरला होता, काही पायाखाली चिरडलेला. तिचा डबा ट्रेंच्या खाली घरंगळत गेला होता. मी झाडूवाल्या बाईला बोलावून सगळं गोळा करून घेतलं. हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही.

दुपारी ती टाइम ऑफिसच्या दारात आली. त्या दाराशेजारीच तक्रार समितीचा फलक होता. कायद्यानं लावावा लागतो म्हणून लावलेला. अध्यक्ष हिशेबाच्या बाई होत्या आणि खाली सदस्यांत माझं नाव होतं.

"काका, तुमचां नाव थंय बोर्डार आसा. माका तक्रार लिवन दिवची आसा."

तिनं मला सगळं सांगितलं, वर न बघता. मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, "लिवन काय जातलां, बाय? कागद आज हय, फाल्यां पणजेक. तुझां नाव सगळ्यांच्या तोंडात. घोव वास्कोक. आपण एका गावची माणसां. सोमवारी देवळात गाऱ्हाणां घालूया. देवापुढे तो खोटां बोलूचो नाय."

ती म्हणाली, "देवाक म्हायतच आसा, काका. मी तुमका सांगूक आयलंय."

मी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. तिला शहाणपण शिकवल्याच्या समाधानात होतो.

सोमवारी देवळात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. बातमी पसरली होती. पुरुष चौकात, बायका मागे खांबांच्या आडोशाला. काटेवाला आंघोळ करून, पांढरं धोतर नेसून पुढे उभा होता. त्याच्या शेजारी त्याचा मोठा भाऊ, चुलते. घाडी माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "प्रश्न कसो घालू?"

तो क्षण मला अजून नीट आठवतो. 'ह्यानं हिच्यावर हात टाकला का?' एवढंच विचारायचं होतं. त्याच्या भावानं माझ्याकडे पाहिलं. मला निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती, गावात राहायचं होतं, जत्रेत त्याच लोकांच्या खांद्याला खांदा लावून पालखी उचलायची होती. मी घाडीच्या कानात वेगळंच सांगितलं.

घाडीनं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "हे म्हाराजा, ह्या दोन लेकरांमधलो वाद भायर न वचता हयच मिटवचो, अशी तुझी मर्जी आसा जाल्यार उजवी पाकळी दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळा चौक म्हणाला.

उजवी पाकळी पडली.

काटेवाल्यानं नारळ ठेवला. कुणीतरी तिलाही पुढे बोलावलं, पण ती आली नाही. बाहेर पडेपर्यंत वाक्य बदललं होतं. देवळाच्या पायरीवर एकजण म्हणाला, "देवानं त्याका सोडलो." तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात ते झालं, "ती खोटी पडली." मी तिथेच चहा पीत होतो. एका वाक्यात दुरुस्ती करता आली असती. मी पाव चहात बुडवून खाल्ला आणि घरी गेलो.

काटेवाल्याला मी बाजूला घेऊन दम दिला. "परत असां जाता कामा नये." त्यानं मान हलवली. मी स्वतःला सांगितलं की दोघांचंही भलं झालं.

ती परत कामावर आली नाही. बायका बसमध्ये तिच्याविषयी बोलायच्या, मी खिडकीबाहेर बघायचो. पुढे नवऱ्याने तिला वास्कोला नेलं. घराला कुलूप लागलं. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागी काटेवाला सुपरवायझर झाला. मालकानं मला विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो. नाही म्हणालो असतो तर का म्हणून सांगावं लागलं असतं.

आता चूक नेमकी कुठे झाली ते मला दिसतं. बांधाच्या वादात दोघांचंही थोडं थोडं चुकलेलं असतं. दोघांनी दोन पावलं मागं घ्यायची आणि नारळ ठेवायचा, हे तिथे शोभतं. तिनं कुठलं पाऊल मागं घ्यायचं होतं? तिच्यावर हात टाकणं हे मी 'वाद' या शब्दात घातलं, आणि तिथेच तिच्या हाती काही उरलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर देवस्थानचे अध्यक्ष माझ्याकडे आले. मी सोप्यावर बसलो होतो. आत माझी सून भाताचं पाणी वेळून काढत होती. ती कारापूरची, त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे आणि आता तक्रार समितीवर कामगारांच्या बाजूने तीच आहे. गावातल्या महिला मंडळाचंही ती बघते.

अध्यक्ष म्हणाले, "काका, तुमच्या सुनेन त्या बेळगावच्या पोरीचो कागद घेतलोसा. सुपरवायझरावर. तुमका म्हायत आसतलां."

मला माहीत होतं. ती मुलगी आमच्या गावात भाड्याच्या खोलीत राहते, बाप बांधकामावर. गोदाम तेच, माणूसही तोच.

"कागद मागे घेवंक सांगा. सोमवारी कौल लावया. मागल्या खेपेक तुमीच तर सगळां बरां मिटयलां. पोरगी भायली, पण देवाक तरी मानतली."

आतून सून बाहेर आली, हात पदराला पुशीत. "मानता ती. मीच विचारलां. काय म्हणाली सांगू? 'मी देवळात न्हाई जाणार ताई. देवानं काय केलंय, त्याला कशाला यात वढायचं?'"

अध्यक्ष हसले. "बघलात काका, तुमची सून आता कोर्टच चलयता."

"कोर्ट न्हय," सून म्हणाली. "बोर्डार नाव आसा म्हणून काम करतंय. थंय पयलीं बाबांचांय नाव आसलां."

ती आत गेली. तिनं टोमणा म्हणून म्हटलं की सहज, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. अध्यक्षांना मी सोमवारी येतो एवढंच सांगितलं.

मधल्या दिवसांत मी वास्कोला गेलो. सरकारी बसने, पणजीला बदलून. मागच्या कौलाच्या वेळच्या त्या बाईचा पत्ता, गावात वेगळ्या राहणाऱ्या तिच्या दिराकडून घेतला होता. बंदराजवळच्या एका खानावळीत ती स्वयंपाकाला होती. मला बघून तिनं विस्तव बारीक केला, पाण्याचा तांब्या आणून ठेवला, आणि समोरच्या बाकावर बसली. काका म्हणाली नाही.

मी रस्ताभर जुळवलेलं बोललो. की प्रश्न मी बदलला होता, ती तेव्हा मागे उभी होती म्हणून तिला कळलं नसेल, की...

"कळलां नाय कशां?" ती म्हणाली. "मी खांबाकडेच आसलंय. घाडी काय हळू बोलता? तुमी काय विचारूक लायलां तां सगळ्यांनी आयकलां. चौकात आसलल्या दर एकान."

मी इतकी वर्षं जे गुपित समजून जपलं ते गुपित नव्हतंच. सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि सगळ्यांनी सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं होतं.

"मगे तू बोललंय नाय कित्याक?" हे विचारताच मला लाज वाटली.

"माका कोण विचारूक आयलो?" तिनं ओट्याकडे एकदा बघितलं, भात उतू जात नाही ना म्हणून. "आता कित्याक आयलात तां सांगा."

मी बेळगावच्या मुलीचं सांगितलं. सोमवारचंही. तिनं उठून भात खाली उतरवला.

"ती पोरगी कामाक येता अजून?"

"येता."

"बशीत तिच्यावांगडा कोण आसता?"

"माझी सून. आणि महिला मंडळाच्यो दोघी-तिघी. पुढल्या बाकार बसतत सगळ्यो. काटोय फिरवन घेतलो बायकांनी. आता आकडो दोनूय बाजूंनी दिसता."

"माझ्यावांगडा कोण नासलो," ती म्हणाली. आवाज वाढला नव्हता. मी माफी मागायला लागलो तर तिनं हात वर केला. "तां माका सांगा नाका. जंय विचारलां थंय जावन सांगा. मोठ्यान."

निघताना मी तिला आणखी एक विचारलं; त्याची चौकशी सुनेनं आधीच करून ठेवली होती. तिची स्वतःची तक्रार आता मुदतीबाहेर गेली होती; पण या मुलीच्या तक्रारीत तिला साक्ष देता येते. ती येईल का? ती म्हणाली, "पयलीं तुमी सांगा."

सोमवारी चौक भरला होता. सुपरवायझर पांढऱ्या धोतरात पुढे उभा होता, तसाच. बेळगावची मुलगी आली नव्हती. गुरवानं पाकळ्या लावायला घेतल्या तेव्हा मी पुढे झालो. मी म्हणालो की गेल्या वेळी या माणसानं त्या बाईला हात लावला का, हे देवाला कुणी विचारलंच नव्हतं. वाद बाहेर जाऊ नये एवढंच विचारलं होतं, आणि ते मी विचारायला लावलं होतं. ती खोटी पडली नव्हती. सांडलेला गर मी स्वतः गोळा करून घेतला होता.

कुणी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, "काका, वय जालां तुमचां. बसा जरा." मागून कुणीतरी हसलं. सुपरवायझरचा भाऊ माझ्याकडे बघत होता, त्या वेळी बघितलं होतं तसंच.

घाडी तोच होता, आता पाठीत वाकलेला. तो म्हणाला, "काका खरां सांगतत. शब्द माझ्या तोंडातले, पण घातलले तेणी." त्यानं गुरवाला पाकळ्या परत तबकात ठेवायला सांगितल्या. "हां देवाक विचारपाचां न्हय. जंय विचारपाचां थंय विचारा."

त्या दिवशी कौल लागला नाही. लोक कुरकुरत घरी गेले. माझ्याशी त्यानंतर कितीतरी जण बोलत नाहीत. पालखीला खांदा द्यायला मला कुणी बोलावलं नाही. त्याचं वाईट वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

समितीच्या सुनावणीच्या दिवशी मी आणि सून डिचोलीच्या बसस्टँडवर उभे होतो. बेळगावची मुलगी आधीच कारखान्यात गेली होती, मंडळाच्या बायका तिच्याबरोबर होत्या. पणजीहून आलेली बस लागली आणि वास्कोहून निघालेली ती उतरली. सून पुढे झाली, तिच्या हातातली पिशवी घेतली.

तिनं माझ्याकडे बघितलं. "सांगलात?"

"सांगलां. मोठ्यान."

"कोण काय बोललो?"

"घाडी बोललो. बाकी कोण नाय."

"तेन्ना, माझ्या वेळार, सगळे बोललले," ती म्हणाली.

त्या दोघी पुढच्या रिक्षात बसल्या. मी मागच्या रिक्षाला हात केला. समितीपुढे तिची साक्ष आधी होती आणि तिच्यानंतर माझी, गोदामाच्या दाराशी सांडलेल्या गराची.