उंदरांच्या खोलीतल्या मावशी

मावशींचं वय अठ्ठावन्न, आणि त्यातली बावीस वर्षं प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीत गेलेली. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं. संध्याकाळपर्यंत पाठीचा पार भुगा. नवरा अपघातात गेल्यापासून फोन वाजला तरी छातीत धस्स व्हायचं. गोळ्यांनी झोप यायची, धास्ती मात्र हटत नव्हती.

तिथल्या संशोधक मॅडमचा प्रयोग मेंदूतल्या एका वाढीच्या द्रव्यावर होता. त्याच्या जोरावर मेंदूत नव्या पेशी जन्मतात, तगतात. लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांत ते जन्मतःच कमी. अर्धी भिंतींची, अर्धी उघडी अशा उंच फळीवर सोडले की हे उंदीर जास्त घाबरून भिंतीआड दडून बसतील, असा मॅडमचा अंदाज. पण पठ्ठे खुशाल उघड्यावर हिंडत होते! चार महिन्यांची मेहनत पाण्यात.

मॅडम कपाळाला हात लावून बसल्या, तेव्हा मावशींनी ब्रश खाली ठेवला.

"मॅडम, माझंच काही चुकलं असेल. लाल चिठ्ठीवाले फार थरथरतात हो. बाकीच्यांना शेपटीला धरून उचलते, यांना ओंजळीत घेते. शांत होईस्तोवर बसते तशीच."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मॅडमना रागवायचंही त्राण नव्हतं. "तुमच्या ओंजळीनंच त्यांची भीती गेली असणार. मग सगळं नव्यानं करायचं. आता एकूण एक उंदीर ओंजळीतच घ्यायचा. दुजाभाव नाही."

"म्हणजे माझंच मरण!" मावशी म्हणाल्या. दोघी हसल्या, पण हसण्यात जीव नव्हता.

थोड्या वेळानं मावशींनी चाचरत विचारलं, "माझ्या डोक्यात व्हायच्या का हो नव्या पेशी, या वयात?"

"उंदरांत होतात. माणसांत किती होतात, यावर मोठमोठे शास्त्रज्ञ अजून भांडतायत. खोटं कशाला सांगू?"

'होईल सगळं ठीक' असं जो तो सांगायचा; त्यापेक्षा हे बरं वाटलं त्यांना.

पुन्हा चार महिने गेले. या वेळी लाल चिठ्ठीवाले खरंच जास्त दडले. पण मॅडमना वाटलं होतं तेवढे नाहीत. उंदीर कसे हाताळले, हेही मॅडमनी अहवालात लिहिलं.

मावशींनी ते ऐकलं, मान डोलावली आणि आठ दिवसांच्या रजेचा अर्ज पुढे केला. ते आठही दिवस त्यांनी बहिणीकडे नुसते लोळून काढले.