हळू गळ्याचा यादव

देवळाली कॅम्पच्या क्लबात ज्यांनी यादव गांगुर्डेला ऐकलं, ते आजही हेच सांगतात, "काय हळू गायचा हो! खुर्च्या पुढे ओढून ऐकावं लागायचं." त्या हळू गळ्यामागे काय दबा धरून बसलं होतं, ते आधी कळलं फक्त त्याच्या आईला, चांगुणाबाईला.

सुरुवात बापापासून करायला हवी. सावळीराम नाशिकला द्वारकेच्या नाक्यावर ट्रक भरायचा आणि जयंतीच्या जलशात तुणतुणं वाजवायचा. तिशी उलटली आणि त्याचे कान गेले. त्याच्या बापाचेही त्याच वयात गेले होते. नवल असं, की ट्रकच्या घरघरीत त्याला बोलणं समजायचं, घरातल्या शांततेत मात्र एक शब्द नाही. यांची खोली लाकडी माळ्यावर. चांगुणाबाई नवऱ्याला हाक मारायची ती टाचेनं. फळीवर टाच आपटली, की तळपायाला धक्का लागून तो वळायचा. संध्याकाळी तुणतुण्याची काठी दातांत धरून तार छेडायचा. लहानगा यादव हसून लोळायचा, "आई, आबा तुणतुणं खातो!"

बाप खात नव्हता. ऐकत होता.

एकाहत्तर साली, सतराव्या वर्षी, यादवला पुंजा मास्तर भेटले. मुंबईच्या हॉटेलांत गिटार वाजवून म्हातारपणी देवळालीला परतलेला माणूस. त्यांनी त्याला जाझ समजावलं ते असं, "तुमच्या जलशासारखंच रे. मुखडा सगळ्यांचा, मधे ज्याची त्याची अक्कल." पोरगं एकदा ऐकलेलं दुसऱ्यांदा वाजवून दाखवायचं. मास्तर खूश, पण कुरकुरायचेच.

"नोटेशन शिक, गाढवा. कागद डोळ्यांनी वाचता येतो."

"कान आहेत की मास्तर, कागद कशाला?"

पुढे यादव ओझरला कारखान्यात लागला. शनिवारी संध्याकाळी मात्र क्लबात, ड्रमवर त्याचा दोस्त झुंबर आणि पुढे गिटार घेऊन हा. चौऱ्याऐंशी साल उजाडलं, यादवला तिसावं लागलं, आणि झुंबर चिडायला लागला.

"तोंडात गुळणी धरलीय का? मोठ्यानं गा की लेका!"

"ओरडतोय तर! तुझेच कान तपास."

लोकांना मात्र ते कुजबुजल्यासारखं गाणं भलतंच आवडलं. नाशिकरोडहून, निफाडहून माणसं येऊ लागली. शनिवार वाढले, नाव झालं.

एका रविवारी सकाळी तो घरी गात बसला होता. चांगुणाबाईचा पिठातला हात थांबला.

"यादवा, मोठ्यानं म्हण बरं."

"आणखी मोठ्यानं? ठमामावशी भांडायला येईल."

भिंतीपलीकडच्या ठमाबाईला काहीच ऐकू गेलं नव्हतं. चांगुणाबाई जवळ येऊन बसली. "तुझा आबा असाच हळू बोलायला लागला होता. त्याला वाटायचं, आपण ओरडतोय. आपला आवाज डोक्यात घुमतो, बाहेरचा आत येत नाही."

यादव हसला. "काहीतरीच! ड्रमच्या दणक्यात मला झुंबरची पुटपुटसुद्धा समजते."

हे ऐकून म्हातारीचा चेहरा उतरला. तिला द्वारकेचे ट्रक आठवले.

यादव हसला खरा, पण ते वाक्य त्याच्या मनातून जाईना. दोन वर्षं त्यानं ते टाळलं. शेवटी एका शनिवारी तो झुंबरला म्हणाला, "तिसऱ्या गाण्यात मी मान हलवली की थांब. एकदम."

त्यानं मान हलवली. ड्रम थांबले.

स्वतःचा गळा डोक्यात घंटेसारखा घणघणत होता. गिटार नव्हती. बोटं तारांवर पळत होती, समोर माणसं डोलत होती, आणि गिटार नव्हती. त्यानं गाणं तोडलं, वाकला आणि गिटारीच्या वरच्या कडेत दात रोवले. जबड्यातून, कवटीतून सूर आला. स्वच्छ. तो तसाच वाजवत राहिला. डोळ्यांना धार लागली होती.

लोकांना वाटलं, नवी करामत. पुढच्या टेबलावरचा एकजण उभा राहून ओरडला, "वा रे पठ्ठ्या! वन्स मोर!" झुंबर तेवढा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादव खिडकीशी पाठमोरा बसून गिटारीच्या पॉलिशवरचे दातांचे वण अंगठ्यानं घासत होता. चांगुणाबाईनं चहा गाळला.

"यादवा."

तो घासत राहिला.

"यादवा, चहा."

 तिनं कप खाली ठेवला, लुगडं जरासं वर धरलं आणि फळीवर टाच आपटली.

यादव वळला.