साडूच्या आधी पोचायचं

हॉलंडात डोंगर नाहीत असं सगळे सांगतात. ते खरं नाही. देशाच्या दक्षिण टोकाला, लिम्बर्गमध्ये, थोडेफार आहेत, आणि माझा अपमान झाला तो त्यांच्यावरूनच.

त्या दिवाळीत झूटरमेरच्या आमच्या घरी फराळाला माझा साडू आला होता. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आइंडहोवनला इंजिनियर, माझ्याहून बराच लहान आणि पोट नावाचा अवयवच नसलेला. जानेवारीत तो ऑफिसातल्या डच मंडळींबरोबर लिम्बर्गच्या टेकड्यांवरून तीसेक किलोमीटर धावणार होता. मी चिवड्याचा बकाणा भरून म्हणालो, "आम्हालाही न्या की."

"भाऊजी, तुम्ही धावायला कशाला?" हा सगळ्यांदेखत म्हणाला. "तुम्ही गाडी घेऊन या. सामान सांभाळायला कुणीतरी लागेलच."

लोक हसले. लोकांचं काही नाही. पण बायको चकलीचा ठसका लागेपर्यंत हसली. मुलगी डचमध्ये काहीतरी पुटपुटली, ते मला कळलं नाही, पण तिच्या मावशीला कळलं आणि ती पुन्हा हसली.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून मी नाव नोंदवलं. तब्येतीसाठी वगैरे नाही. सूड घ्यायचा होता.

आमच्या गावात चढ शोधणं म्हणजे वाळवंटात नाव वल्हवणं. हायवेवरचा सायकलींचा पूल आणि राडारोड्यावर माती टाकून केलेली एक टेकडी, एवढ्यावर मी दोन महिने काढले. पुलावर शाळेची मुलं सायकलवरून मला मागे टाकत आणि वर "हुप हुप" करून उत्तेजन देत. त्यांचंही नाव मी मनात नोंदवून ठेवलं.

डिसेंबरअखेर पुण्याहून नवं कॅलेंडर आलं. ते फ्रिजवर लावताना मी शर्यतीचा शनिवार पाहिला आणि माझं भाग्य उजळलं. त्या दिवशी संकष्टी! साडू संकष्टी कडक करतो. चंद्र उगवेपर्यंत उपासाचंच खाणार. आणि शर्यतीत वाटेवर मिळणार होता मधाचा केक, पाव आणि सूप. साडूला त्यातलं काहीच चालणार नव्हतं. तो नाव नोंदवून मोकळा झाला होता, माघार घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मी स्वयंपाकघरात एकटाच हसलो.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. संकष्टी आहे म्हटलं."

"अगंबाई," ती म्हणाली आणि फोनकडे गेली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. तिथेच चुकलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी पाऊस होता, दहापर्यंत त्याचा बर्फ झाला. वारा असा, की उतारावरही मागे ढकलत होता. चिखलात बूट रुतत, वर गोठलेल्या गवतावरून पाय सटके. साडू पहिल्याच वळणावर दिसेनासा झाला. मी मात्र मजेत होतो. हा आत्ता उपाशी असेल, याच एका विचारावर मी पहिल्या तीन टेकड्या चढलो.

खाण्याच्या ठिकाणी पोचलो तेव्हा केक संपला होता. माझ्यासारखे शेवटून येणारे नेहमी रिकामे डबेच बघतात. पाव होता, त्यात हॅम. सूप होतं, वाटाण्याचं, वाफाळतं, आणि त्यात डुकराचे तुकडे. मी जन्माचा शाकाहारी. तिथलं मिळेल म्हणून बरोबर काहीही घेतलं नव्हतं. गरम पाणी प्यायलो आणि निघालो. पुढच्या चढावर डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

शेवटच्या टेकडीच्या पायथ्याशी बाकावर कुणीतरी पोटरी चोळत बसलं होतं. साडू! पायात गोळे आले होते. शेजारी आयोजकांचा माणूस त्याच्या पाठीवर घोंगडी टाकत होता. साडूचं तोंड मात्र टवटवीत होतं आणि चाललेलं होतं.

"या भाऊजी. दाण्याचा लाडू घ्या. ताईंनी पाठवलेत, उपासाचे. डबाभर!"

ताई म्हणजे माझी बायको. मी त्या लाडवाकडे पाहिलं. मग एक खाल्ला. मग दुसरा.

"दोन मिनिटं थांबा," तो म्हणाला, "बरोबरच जाऊ."

"बसा हो तुम्ही," मी म्हणालो आणि सुटलो.

तो चढ मी कसा चढलो ते माझे गुडघेच सांगू शकतील. शर्यत पूर्ण झाली, गळ्यात पदक पडलं. बाकी सगळे उबेला हॉलमध्ये गेले. मी गेलो नाही. साडू येईल तेव्हा मी दारात उभा दिसायला हवा होतो. दोन महिने घोकलेलं वाक्य तयार होतं: "या, तुमचं सामान कुठाय? सांभाळतो." बर्फ पडत होता. मी हललो नाही.

बऱ्याच वेळानं तो लंगडत आला. मी तोंड उघडलं. जबडा गोठला होता. "स... सा..." एवढंच निघालं.

त्यानं मला मिठी मारली. "माझ्यासाठी बाहेर उभे राहिलात, भाऊजी? एवढ्या बर्फात?"

आम्हाला न्यायला आलेली बायको हॉलमधून धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान जोरजोरात हलवून नाही म्हणत होतो. त्यांना वाटलं, थंडीनं कापतोय.

तेव्हापासून सासरी माझ्या मोठ्या मनाचं उदाहरण देतात. साडू तर दर दिवाळीला पाया पडतो. मी आशीर्वाद देतो, आणि पुढच्या जानेवारीत संकष्टी कधी आहे ते बघतो.