पाटीला दार

रेणुका सोमाटण्याची, प्रदीप लोणावळ्याचा. कॉलेजात असताना दोघांनी मिळून प्रोग्राम लिहायला एक साधा एडिटर केला आणि त्याचं नाव ठेवलं 'पाटी'. घोरावाडी स्टेशनच्या बाकावर बसून, एकाच लॅपटॉपवर तो घडला. प्रदीपची गाडी आली की रेणुका उरलेलं काम घरी नेऊन पुरं करायची.

वाद एकाच गोष्टीवरून व्हायचा. प्रदीप म्हणायचा, पाटीला एक दार ठेवू. ज्याला जे हवं ते त्यानं बाहेरून जोडावं. रेणुकाला ते पटत नसे. आज एकानं रंग जोडले, उद्या दुसऱ्यानं आणखी काही, की पाटीची गोधडी व्हायला कितीसा वेळ? शेवटी प्रदीपनं नाद सोडला.

पुढं रेणुकाला तळेगावात नोकरी लागली, तिचं लग्न झालं, पण तिनं पाटी सोडली नाही. ऑफिसातली मंडळी मोठे एडिटर वापरत, त्यांना बाहेरून नाना जोडण्या, म्हणजे प्लगइन, लावत. एखादं बिघडलं की त्यांची सकाळ त्यातच जाई. रेणुका मनात हसायची.

गेल्या वर्षी प्रदीपचा फोन आला. आजारात त्याची नजर पार अधू झाली होती. ओळी वाचून दाखवणारे एडिटर होते, पण त्यांच्यातल्या बटणांच्या गर्दीत तो हरवायचा.

"पाटीत कुठं काय आहे ते मला न बघता कळतं," तो म्हणाला. "फक्त ती बोलत नाही."

रविवारी रेणुका लोणावळ्याला गेली. "लय दिसांनी आलीस गं," म्हणत त्याच्या आईनं, येसूबाईंनी, चहा ठेवला. पाटीत आवाज बसवून देते, असं रेणुका म्हणाली. प्रदीपनं नकारार्थी मान हलवली.

"उद्या आणखी काही लागेल. दर वेळी तुला कुठं बोलवू? दार कर, माझं मी बघतो."

महिनाभर ती जुना कोड उलगडत बसली. मधूनच प्रदीपनं तेव्हा लिहून ठेवलेल्या चेष्टेच्या ओळी भेटत आणि ती एकटीच हसे. दार झालं. आवाज प्रदीपनं स्वतः जोडला. मग त्यानं पाटी नेटवर सगळ्यांसाठी ठेवली, तेव्हा कोणी कोणी रंग पाठवले, घड्याळ पाठवलं. पाटी आता दोघांचीच राहिली नाही, याची तिला थोडी हुरहुर लागली.

कंस मिटायचा राहिला की टिचकी वाजवणारं एक प्लगइन प्रदीपनं केलं. रेणुकानं ते मागून घेतलं. तिच्या मशीनवर तेवढं एकच आहे.